लांजेवारकाकांचं थोरलं आणि धाकटं

लांजेवारकाकांकडे जुन्या जन्मपत्रिकेची नक्कल मागायला कोणी आलं, की ते चष्म्यावरून बघत आधी विचारायचे, "थोरल्यात आहे का धाकट्यात?" नवखा माणूस भांबावायचा. लामता गावची एक बाई तर म्हणाली होती, "बाबूजी, लडका तो एक ही है." मी तेव्हा तिथेच बसले होते, मला हसू आवरेना. काका हसले नाहीत. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं, पत्रिका काढून किती वर्षं झाली ते विचारलं. सहा-सात वर्षं झाली असं कळल्यावर स्वतःच म्हणाले, "मग थोरल्यात."

थोरलं म्हणजे कॉम्प्युटर चालवणारं जुनं डॉस आणि धाकटं म्हणजे नवं विंडोज. काकांकडे कॉम्प्युटर एकच होता, पण त्याच्या पोटात दोन्ही नांदत होती. मशीन सुरू करताना एक बटण दाबलं की पडद्यावर यादी यायची, त्यातला आकडा दाबून दोघांपैकी एकाला उठवायचं. एक जागं असलं की दुसरं झोपलेलं. दुसरं हवं तर मशीन बंद करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. थोरलं चटकन उठायचं, काळा पडदा आणि पांढरी अक्षरं, की झालं. धाकट्याचं तसं नव्हतं. मशीन जुनं, त्याला ते झेपत नसे, आतल्या आत कुरकुर कुरकुर करत बसायचं. तेवढ्यात काकू चहा करून आणायच्या आणि कप रिकामे व्हायचे. काकू म्हणायच्या, "आमच्या घरी थोरलं उठते, मग धाकटं उठते, अन् मग ह्यायले दिसते की बायको बी उठली आहे."

मी तुमसरची. लग्न होऊन मध्य प्रदेशात बालाघाटला आले तेव्हा काकांचं घर आमच्या अगदी समोर, मधे गल्ली. काका सरकारी नोकरीत नकाशे काढायचे. रिटायर झाल्यावर नागपूरहून हा कॉम्प्युटर आणि पत्रिका काढायचा प्रोग्रॅम घेऊन आले, आणि समोरच्या खोलीत बसू लागले. माझे सासरे दादाराव, त्यांना मी मामाजी म्हणते, ते त्यांचे नोकरीतले जोडीदार. सकाळी दहाला मामाजी काकांकडे पेपर वाचायला जायचे आणि बाराला जेवायला परत यायचे. दोघं दोन तास काय बोलायचे देव जाणे. मी कधी बोलावायला गेले तर दोघंही गप्प बसलेले दिसायचे.

काका भविष्य सांगत नसत. हे मी मुद्दाम लिहिते, कारण लोकांचा तसाच समज होता. "मी वेळ लावतो अन् जागा लावतो. पुढचं पत्रिका पाहनाऱ्या महाराजाले विचारा." पत्रिका छापून झाली की गुंडाळी करून, दोरा बांधून हातात द्यायचे आणि वर एक अक्षर बोलायचे नाहीत. कोणी फार मागे लागलं की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "मी माप सांगतो. मत नाही." स्वतः त्यांचा या सगळ्यावर विश्वास होता की नाही, मला शेवटपर्यंत कळलं नाही. एकदा थेट विचारलंसुद्धा, मी काही तोंड दाबून बसणारी बाई नाही. तर म्हणाले, "सूनबाई, मी तीस वर्षं नाल्यांचे नकाशे काढले. त्यातल्या किती नाल्यांवर पूल झाले, मी पाह्यले गेलो नाही."

पण मापाच्या बाबतीत माणूस हटवादी. जन्माची वेळ विचारताना बायकांचा जीव नकोसा करायचे. कोणी म्हणायचं, गायी घरी येत होत्या. काका विचारणार, महिना कोणता? गायी कोणत्या रानातून येत होत्या, गुराखी कोण होता, तो वेळेवर येणारा होता का? एकीनं सांगितलं, छोट्या लाइनची गाडी आली तेव्हा. झालं, काकांनी कपाटातून जुनं टाइमटेबल काढलं. येणारी की जाणारी? शिट्टी स्टेशनात शिरतानाची की सुटतानाची? त्या दिवशी गाडी वेळेवर होती का? ती बाई शेवटी वैतागली. "भाऊ, मी बाळंत होऊन राह्यलती, का गाडीले हिरवी झंडी दाखवून राह्यलती?" काकांनी मुकाट्यानं वही मिटली आणि तिला सांगितलं, गावात त्या दिवशी आणखी कोणाला पोर झालं असेल तर त्याची आई शोधून आणा. तिनं आठ दिवसांनी खरंच शोधून आणली.

गोंदियाहून एक मेकॅनिक यायचा. त्याला काकांच्या मशीनची भारी कीव यायची. दर वेळी तेच म्हणायचा, बाबूजी, ये पुराना सब मिटा देता हूँ, नया मस्त चलेगा. काका त्याला चहा पाजायचे आणि मशीनला हात लावू द्यायचे नाहीत. थोरल्यात सात-आठ वर्षांच्या पत्रिका होत्या, हजाराच्या वर. धाकट्यातल्या नव्या प्रोग्रॅमला त्या वाचता येत नव्हत्या. "थोरल्याची भाषा धाकट्याले समजत नाही, म्हणून काय थोरल्याले घराबाहेर काढू?" असं म्हणून ते विषय संपवत.

नवा प्रोग्रॅम आला तेव्हा काकांनी तो लगेच वापरला नाही. त्यांच्या स्वभावात ते बसणारं नव्हतं. थोरल्यातल्या पत्रिका कागदावर उतरवून घ्यायच्या, मशीन बंद करायचं, धाकटं उठवायचं, आणि त्याच वेळा त्यात घालून बघायच्या. दहा जुळल्या, वीस जुळल्या. एक जुळली नाही. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, जाऊ द्या, कॉम्प्युटरचं काही खरं नसतं. काका चार दिवस त्या एका पत्रिकेला घेऊन बसले. जेवायला बोलावलं तरी उठेनात म्हणून काकू आमच्याकडे रडत आल्या.

पाचव्या दिवशी सकाळी डोळे अधू होत चाललेल्या मामाजींना सोडायला मी गेले, तर काका भिंतीकडे तोंड करून बसलेले. मामाजींनी विचारलं, तब्येत बरी नाही का. काका वळले आणि माझ्याकडे बघून बोलले. मामाजींकडे नाही, माझ्याकडे. तेव्हा मला त्याचं कारण समजलं नाही.

"सूनबाई, मी नकाशे काढनारा मानूस. अन् मी अख्खं बालाघाट नागपुरात नेऊन बसवलं."

झालं होतं असं. जुन्या प्रोग्रॅममध्ये गावांची यादी तोकडी. त्यात बालाघाट नव्हतं, नव्यात होतं. जबलपूर होतं, भोपाळ होतं, इंदूर होतं, आणि नागपूर होतं. काकांनी पहिल्या दिवशी नागपूर निवडलं आणि मग तेच कायम ठेवलं. का, तर आपलं नागपूरच. दवाखाना नागपूरला, लग्नाच्या साड्या नागपूरला, पोरी दिल्या त्या नागपूरकडे. बालाघाटच्या मराठी माणसाला जवळचं शहर विचारा, तो जबलपूर म्हणेल का? मीसुद्धा नागपूरच म्हटलं असतं. पण पत्रिकेला हे आपलं-परकं कळत नाही. तिला पूर्व-पश्चिम कळते. बालाघाट नागपूरच्या पूर्वेला, इथे सूर्य चारेक मिनिटं आधी उगवतो. जबलपूर निवडलं असतं तरी चूक कमी झाली असती, असं काका म्हणाले. बहुतेकांचं त्या चार मिनिटांनी काही बिघडत नाही. पण ज्याचा जन्म दोन राशींच्या उंबरठ्यावर झाला, त्याची लग्नरास बदलते आणि सगळे ग्रह एकेक घर सरकतात. मग मंगळ असलेली मुलगी बिनमंगळाची होते, नाहीतर उलटं.

काकांनी तो सगळा हिवाळा त्यात घातला. सकाळी थोरलं, दुपारी धाकटं. वही, पेन्सिल, पुन्हा वही. हजारांतल्या तीसेक पत्रिका चुकलेल्या निघाल्या. माझ्यासारखीनं तोंडाला कुलूप लावलं असतं, खरं सांगते. कोणाला काय कळणार होतं? काकांनी त्या सगळ्या नव्यानं छापल्या आणि एकेकाच्या घरी जाऊन द्यायला सुरुवात केली. बसनं, सायकलनं, कधी कोणाच्या ट्रॅक्टरवर.

परसवाड्याला एका घरी गेले, तर उलटा प्रकार. बिनमंगळाची म्हणून आणलेली सून नव्या कागदावर मंगळाची निघाली. सासूनं कपाळाला हात लावला. सून पदरानं डोळे पुसू लागली. काकांनी विचारलं, लग्नाला किती वर्षं झाली? पाच. पोरं किती? दोन. नवरा कुठे आहे? तो समोरच उभा होता, धडधाकट, तोंडात घास. काका म्हणाले, "मग माझं माप खरं, अन् तुमचा संसार बी खरा. कागद पेटीत टाका." मतासारखं काही त्यांच्या तोंडून गेलेलं मी तेवढं एकच ऐकलं, आणि तेही त्यांनी मला कबुली दिल्यासारखं सांगितलं.

राजेगावला मात्र एका माणसानं त्यांना घरात घेतलं नाही. त्याच्या मुलाची जमलेली सोयरीक याच पत्रिकेपायी मोडली होती. अंगणात उभं करून तो वाटेल ते बोलला. काका ऐकून घेत राहिले, कागद ओट्यावर ठेवला, वर दगड ठेवला आणि परत आले. काकूंना म्हणाले, बरोबर बोलला तो.

होळी झाली तरी एक कागद त्यांच्याकडे उरला होता. आमचा.

शोभाताई माझी थोरली नणंद. शाळेत शिकवायची. सव्वीस वर्षांची असताना गोंदियाचा एक मुलगा तिला बघायला आला होता, तोही मास्तर. दोघं एकमेकांना आवडले. मग मामाजींनी काकांकडून पत्रिका काढून घेतली आणि महाराजांना दाखवली. मंगळ बाराव्या घरात. मुलाला मंगळ नाही. मुलाकडचे म्हणाले, आम्ही मानत नाही, तुम्ही मुलगी द्या. पण मामाजींची सख्खी बहीण मंगळाची होती आणि वर्षात विधवा झाली होती. त्यांनी स्वतः गोंदियाला जाऊन नकार दिला. परत येऊन तीन दिवस जेवले नाहीत. त्यानंतर शोभाताईचं जमलं नाही ते नाहीच. मंगळाचा मुलगा मिळाला तर शिकलेला नसे, शिकलेला मिळाला तर मंगळाचा नसे. तिशी ओलांडली तेव्हा तिनंच सांगितलं, आता पुरे. मामाजी त्या दिवसापासून तिच्याशी बोलताना खाली बघायचे.

काकांनी आधी शोभाताईला बोलावलं. मी सोबत गेले. त्यांनी तिला खुर्ची दिली, आधी थोरलं सुरू करून दाखवलं, मंगळ बाराव्यात. मग मशीन बंद करून धाकटं लावलं. ते नेहमीसारखं कुरकुरत बसलं. मला ते सहन होईना, मी उठून काकूंकडे जाऊन आले, तरी ते उठतच होतं. मग पडद्यावर पत्रिका आली. मंगळ अकराव्यात. मंगळाचा दोष नाहीच.

शोभाताईनं पडद्यावरून नजर काढली.

"तो मुलगा चांगला होता, काका," ती म्हणाली.

काकांनी हात जोडले. चांगला सत्तरीचा माणूस, तिच्यासमोर हात जोडून बसला. ती रडली नाही. मी रडले. तिनं त्यांचे हात खाली केले आणि म्हणाली, "माझं झालं ते झालं. बाबाले सांगू नका. नकार त्यायनं देल्ला आहे, काका. हे आयकलं त ते मरून जातीन."

काका म्हणाले, मी स्वतःहून नाही सांगणार. पण दादारावनं विचारलं तर त्याच्याशी खोटं बोलणं मला जमायचं नाही. चाळीस वर्षांची सोबत आहे. शोभाताई म्हणाली, ते विचारणार नाहीत.

पण आमच्या गल्लीत गुपित राहतं होय? काका गावोगाव पत्रिका दुरुस्त करत फिरतात, ही बातमी पेपर वाचायच्या त्या खोलीतच दहा जणांनी बोलून दाखवली. मामाजी पंधरा दिवस गप्प होते. एका सकाळी मला म्हणाले, चल, मला लांजेवारकडे सोड. तेव्हा त्यांचे डोळे मोतीबिंदूनं अगदी गेले होते, ऑपरेशन ठरायचं होतं, गल्ली ओलांडायलाही माझा हात लागायचा. पेपर आता काकाच त्यांना वाचून दाखवत.

आत गेल्या गेल्या त्यांनी विचारलं. बसलेसुद्धा नाहीत.

"लांजेवार, आमच्या शोभेच्या पत्रिकेत चूक निघाली का?"

मी काकांकडे बघितलं. काका मामाजींकडे बघत होते. त्यांच्या जुन्या मित्राची मान किंचित वर होती, डोळे पांढुरके, नजर कुठेतरी भलतीकडेच. "नाही," काका म्हणाले. मग बहुतेक नुसतं "नाही" त्यांनाच पुरेसं वाटलं नाही. म्हणाले, "थांब, दाखवतो." मशीन बंद होतं. त्यांनी ते सुरू केलं, यादी आली, आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, त्यांनी थोरल्याचा आकडा दाबला. मामाजी चप्पल काढून खुर्ची चाचपडत बसेपर्यंत पत्रिका पडद्यावर होती. काकांनी घसा साफ करून वाचून दाखवलं, शोभा, जन्मवेळ अमुक, मंगळ बाराव्यात. "जसा होता तसाच आहे, दादाराव. तुह्यं बरोबर होतं."

मामाजी म्हणाले, "बरं." पेपर वाचून घेतला नाही. मग उठले.

गल्लीच्या मधोमध ते थांबले. माझा हात घट्ट धरला होता.

"सूनबाई, लांजेवार भला मानूस आहे," ते म्हणाले. "मले दिसत नाही म्हणून त्याले वाटलं मले समजत नाही. धाकटं कधी इतक्या लौकर उठते का?"

भर उन्हात आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. मग ते म्हणाले, "शोभेले सांगजो नको, मले समजलं म्हणून. तिले वाटू दे की मले काही मालूम नाही." त्या दिवशी दुपारी ते जेवले नाहीत. पोट जड आहे म्हणाले. रात्रीही ताटावर बसून उठले. शोभाताईनं लिंबाचं पाणी करून दिलं, ते मात्र सगळं प्यायले आणि पहिल्यांदाच, कितीतरी वर्षांनी, तिच्या चेहऱ्याकडे तोंड करून तिला विचारलं, शाळेत आज काय शिकवलं.

त्यानंतर काका-मामाजींची सकाळची बैठक तशीच चालू राहिली. ऑपरेशन झालं, दिसू लागलं, पेपर पुन्हा मामाजी स्वतः वाचू लागले. तो विषय दोघांनी कधी काढला नाही. काढला असता तर मला समजलं असतं, कारण मी कान देऊनच असायचे. दोन वर्षांनी मामाजी गेले, झोपेतच. काका तेरा दिवस रोज येऊन ओसरीवर बसले.

पुढच्या दिवाळीनंतर काका-काकू मुलीकडे अमरावतीला राहायला निघाले. कायमचे. जायच्या सकाळी काकू रिक्षात बसल्या होत्या आणि काका एकटे आमच्या दारात आले. शोभाताई आत होती. काकांनी आधी इकडचं तिकडचं विचारलं, नवीन पत्ता दिला, मुलीचा फोन नंबर दिला. मग आवाज खाली करून म्हणाले, "सूनबाई, एक विचारू? त्या दिवशी माझ्याकडून परत येताना दादाराव काही बोलला का?"

मी त्यांच्याकडे बघितलं. काही झालं तरी मापात फरक करायचा नाही, असा हा माणूस. तीन वर्षं हा प्रश्न पोटात घेऊन फिरत होता.

"काही नाही, काका," मी म्हटलं. "खूश होते. घरी येऊन भात दोनदा मागून घेतला."

काकांनी मान हलवली. "हौ?" ते म्हणाले. "मले लय दिवस वाटून राह्यलं होतं, की त्याले समजलं." आणि मग माझ्या डोक्यावर हात ठेवून, "बरं झालं. लय बरं झालं." रिक्षात चढताना त्यांनी मागे वळून बघितलं नाही. काकूंच्या मांडीवरची पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली आणि रिक्षावाल्याला स्टेशन म्हणून सांगितलं.

शोभाताई हात पुसत बाहेर आली. "काय म्हणत होते काका?"

"काही नाही," मी म्हटलं. "निघालो म्हणत होते."